हार्पवादक-शिक्षकांचे चरित्र : तथ्यपडताळणी

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील हार्पवादकाचा जन्म, शिक्षण, पारितोषिके, पदे, रचना आणि शिष्य यांविषयी लिहिलेले मूळ कागदपत्रांशी ताडून पाहणे, म्हणजे ही पडताळणी. हार्पचे जग लहान आहे. कार्यक्रमपत्रिकेतला मजकूर ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर जातो, तिथून मृत्युलेखात आणि मग कोशात. चार ठिकाणी तेच वाक्य सापडले, तरी पुरावा एकच धरावा.

सुरुवात नावापासून. कार्लोस सालझेदो (१८८५–१९६१) नावावरून स्पेनचे वाटतात. जन्म मात्र फ्रान्समधल्या आर्काशोंचा आणि जन्मनाव शार्ल. नगरपालिकेच्या जन्मनोंदीत ‘कार्लोस’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. स्त्री-वादकांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही आडनावे तपासावीत.

पॅरिस कॉन्झर्व्हेटरी या फ्रान्समधल्या संगीतविद्यालयाच्या पारितोषिकविजेत्यांची यादी कॉन्स्तां पिएर यांच्या १९०० सालच्या जाडजूड ग्रंथात आहे. ऑंरिएत रेनिए यांना १८८७ मध्ये हार्पचे प्रथम पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्म १८ सप्टेंबर १८७५ चा. सालातून साल वजा केले की वय बारा येते, पण परीक्षा जुलैत होत असत, म्हणून अकराच बरोबर. सालझेदोंनी १९०१ मध्ये हार्प आणि पियानो दोन्हींत प्रथम पारितोषिक मिळवले. ते पिएर यांच्या ग्रंथानंतरचे, तेव्हा त्या वर्षीच्या संगीत-नियतकालिकांतले निकाल पाहावे लागतात. हे पारितोषिक एका वर्षी एकाहून अधिक विद्यार्थ्यांना मिळू शकत असे. ‘सर्वांत पहिला आला’ असे त्यावरून लिहू नये.

सर्वाधिक घोळ पदांचा आणि शिष्यत्वाचा. आल्फाँस आसेल्मां १८८४ पासून १९१२ पर्यंत पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत हार्पचे प्राध्यापक होते. त्यांच्या जागी मार्सेल तूर्निए आले. रेनिएंनी पॅरिसमध्ये कितीतरी वादक घडवले, पण हे प्राध्यापकपद त्यांच्याकडे कधीच नव्हते. मार्सेल ग्रांझानी यांचे गुरू कुठे आसेल्मां दिसतात, कुठे रेनिए. दोन्ही खरे आहे: नाव आसेल्मांच्या वर्गात, तालीम रेनिएंकडे. आपल्याकडच्या गंडाबंधनासारखे एकच नाते इथे गृहीत धरले की चूक ठरलेली. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये सालझेदोंनी १९२४ मध्ये हार्प विभाग उभा केला, शिवाय मेन राज्यातल्या कॅम्डेन इथे उन्हाळी वर्ग चालवले. ‘सालझेदोंचे शिष्य’ म्हणजे कर्टिसचे पदवीधर की एका उन्हाळ्याचे पाहुणे, हे नोंदवहीवरून ठरवावे.

वाद्याचा प्रकार न पाहता वादकाला रचना चिकटवण्याची खोड जुनी आहे. फ्रेंच संगीतकार द्यबुसीची दोन नृत्ये (१९०४) प्लेयेल कंपनीच्या क्रोमॅटिक हार्पसाठी होती. त्या हार्पला पेडल, म्हणजे तारांचे स्वर बदलणारे पायपट्टे, नसतात, तारांच्या दोन रांगा एकमेकींना छेदून जातात. रावेलची ‘इंट्रोडक्शन अँड अलेग्रो’ एरार कंपनीच्या, सात पेडलांच्या हार्पसाठी. रचना १९०५ ची, पहिला प्रयोग १९०७ चा. ‘पहिला प्रयोग केला’ असा दावा आला की त्या कार्यक्रमाची तारीख आणि वाद्य दोन्ही पाहावे.

पुस्तकांतही गल्लत होते. सालझेदोंचे ‘मॉडर्न स्टडी ऑफ द हार्प’ १९२१ चे आणि एकट्याचे. ‘मेथड फॉर द हार्प’ १९२९ चे, ल्यूसिल लॉरेन्स यांच्यासह लिहिलेले. चरित्रांत दुसऱ्या पुस्तकावरचे लॉरेन्स यांचे नाव बरेचदा गाळले जाते. मुखपृष्ठ पाहिले की ते सापडते.