बॅकअप कोणाला पुसता येतो? : नॅसवरच्या यूजर आणि परमिशनमागचा इतिहास

जळगावच्या एमआयडीसीतली डाळमिल असो, सावद्याकडचा केळीचा व्यापार असो की नंदुरबारची मिरचीची पेढी, ऑफिसातल्या कपाटावर आता दोन हार्ड डिस्कचा छोटा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली फायली साठवायची पेटी, ठेवलेला दिसतो. दिवसभराचा टॅलीचा डेटा रात्री त्यावर जातो. पेनड्राइव्हवर विसंबण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण बहुतेक ठिकाणी त्या नॅसवर यूजर एकच असतो, ॲडमिन. त्याचा पासवर्ड दिवाणजींच्या कॉम्प्युटरवर कायमचा सेव्ह केलेला आणि नॅस ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून जोडलेला. म्हणजे त्या कॉम्प्युटरमध्ये जे काही शिरेल, त्याला मूळ डेटाबरोबर बॅकअपही पुसता येईल. ही पद्धत खान्देशाने काढलेली नाही. तिची मुळं बरीच जुनी आहेत.

१९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. एका मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, म्हणून ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या ठेवायला पासवर्ड आले. संगणकाचा वेळही मोजून मिळे. आठवड्याचे चार तास पुरेनात म्हणून ॲलन शेर या संशोधकाने १९६२ मध्ये पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केलं. तेव्हा राखण करायची होती ती शेजारच्या सहकाऱ्यापासून. आपल्याच नावाने दुसरं कोणी येऊन आपलंच काम नष्ट करील, हा विचार त्या मांडणीत नव्हता.

पुढे युनिक्स या संगणकप्रणालीत फाइलचा मालक, गट आणि बाकीचे अशी तिहेरी विभागणी पक्की झाली. प्रत्येकाला वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा हक्क वेगवेगळा देता येतो. इथली एक गोष्ट बॅकअप लावणाऱ्या प्रत्येकाने स्वतः करून पाहावी. एखादी फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून ठेवा, अगदी मालकालाही लिहायची बंदी घाला. तरीही ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर लिहायचा हक्क असेल, तर ती फाइल पुसता येते. कारण युनिक्सच्या लेखी फाइल पुसणं म्हणजे फोल्डरच्या यादीतून तिचं नाव काढणं, आणि तो हक्क फाइलचा नाही, फोल्डरचा. नवी फाइल ठेवायलाही तोच हक्क लागतो. त्यामुळे रोज रात्री बॅकअपची फाइल टाकणाऱ्या यूजरला कालची फाइल काढण्याचीही मुभा आपोआप मिळते. शाईने लिहिलेल्या रोजकीर्दीत दिवाणजी नवी नोंद करू शकत, पण जुनी नोंद बदलली की खाडाखोड दिसायचीच. संगणकाच्या या मांडणीत तसा कुठलाही माग राहत नाही.

फायली नेटवर्कवर आल्या तेव्हा विश्वास आणखी सैल झाला. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या १९८४ च्या एनएफएसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून फायली वापरण्याच्या पद्धतीत, समोरचा संगणक ‘मी अमुक क्रमांकाचा यूजर’ म्हणाला की सर्व्हर ते खरं मानायचा. आपल्याकडच्या ऑफिसांनी मात्र शेअरिंग ओळखलं ते विंडोज ९८ मुळे. तिथे माणसाला नव्हे, फोल्डरला पासवर्ड असे, आणि तो सगळ्यांना ठाऊक असे. तोही कच्चा होता. पासवर्डचं फक्त पहिलं अक्षर जुळलं तरी फोल्डर उघडू शकेल अशी चूक त्यात सापडली आणि ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टला ती दुरुस्त करावी लागली. मग एक्सपी आलं. त्यातल्या सोप्या शेअरिंगमध्ये नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण ‘गेस्ट’ ठरायचा. ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन मोकळं होण्याची सवय याच काळातली. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, वीज येताच बिलं निघाली पाहिजेत, अशा घाईत कोण परमिशन लावत बसणार?

खरं तर उपाय तेव्हाही उपलब्ध होता. १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस या डिस्कवर फायली ठेवण्याच्या पद्धतीत फाइल तयार करणं आणि पुसणं हे हक्क वेगळे आहेत. आजचे बरेचसे नॅस आतून लिनक्स या युनिक्ससारख्या प्रणालीवर चालतात आणि विंडोजशी बोलायला सांबा हे सॉफ्टवेअर वापरतात. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९१-९२ च्या सुमारास सुरू केलेला हा प्रकल्प. म्हणजे बारीक हक्क पाळण्याची सोय आत असते, पण यूजर तयार करताना समोर ठळकपणे तीनच पर्याय येतात: प्रवेश नाही, फक्त वाचणं, वाचणं-लिहिणं. पुसणं तिसऱ्यातच बांधलेलं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या एका सोयीने केलं आहे.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तो एसएमबी या विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीतल्या चुकीवरून. त्याची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. दीड महिन्यावर १ जुलैचा जीएसटी होता आणि गावोगावच्या पेढ्या हिशेब संगणकावर आणण्याच्या धांदलीत होत्या. असे खंडणीखोर व्हायरस लॉगिन असलेल्या यूजरच्याच हक्काने जोडलेल्या ड्राइव्हपर्यंत पोचतात. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या अशाच व्हायरसने तर क्यूनॅप कंपनीचे इंटरनेटवर उघडे असलेले नॅस थेट गाठून ०.०३ बिटकॉइन मागितले. तिथे यूजरची परमिशन कामाची नव्हती. मालेगावला किंवा पुण्याला बसून फायली दिसाव्यात म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता रुळत चाललेली मांडणी याच इतिहासावरचं उत्तर आहे. प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा बॅकअप यूजर, त्याला फक्त स्वतःचं फोल्डर. ॲडमिनचा पासवर्ड कुठल्याही बिलिंगच्या मशीनवर नाही, शिवाय मोबाइलवरचा दुसरा कोड. दिवाणजींना जुना डेटा पाहण्यापुरता वाचण्याचा हक्क. आणि नॅसवर स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या डेटाच्या गोठवलेल्या प्रती, जे शेअरवरून आलेल्या यूजरला पुसता येत नाहीत. त्याहून पक्कं म्हणजे नॅसनेच कॉम्प्युटरकडे जाऊन डेटा ओढून आणायचा, म्हणजे कॉम्प्युटरकडे नॅसची किल्लीच राहत नाही.

कंपन्यांना ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून नोंद कधी बदलली याचा माग सॉफ्टवेअरमध्ये राहायला हवा. सॉफ्टवेअरचा हा माग आतल्या नोंदींपुरता आहे. डेटाचं अख्खं फोल्डर कोणी काढलं, हे नॅसच्या लॉगमध्येच, म्हणजे कोणी काय केलं याच्या नोंदवहीतच, शोधावं लागतं, आणि सगळे ‘ॲडमिन’ म्हणूनच शिरत असतील तर त्या लॉगमध्येही एकच नाव सापडतं.