रणांगणाच्या आठवणी का बदलतात?

माजी सैनिकाने तोच प्रसंग दुसऱ्यांदा सांगताना तपशील बदलला की ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते: हा बढाया तर मारत नाही ना? बहुतेक वेळा ही शंका अन्यायाची असते.

१९९१ च्या आखाती युद्धावरून परतलेल्या ५९ अमेरिकी सैनिकांना मानसोपचारतज्ज्ञ स्टीव्हन साउथविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९ प्रश्न विचारले. जीव धोक्यात आला होता का, कुणाला मरताना पाहिलंत का, असे. परतल्यावर महिन्याभराने एकदा, दोन वर्षांनी पुन्हा. उत्तर फक्त हो किंवा नाही. तरी ८८ टक्के जणांचं निदान एक उत्तर बदललं! आधी 'नाही' म्हटलेल्या गोष्टीला नंतर 'हो' म्हणणारे ७० टक्के निघाले. आघातोत्तर तणावाची लक्षणं ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात 'नाही'चं 'हो' होण्याचं प्रमाणही जास्त होतं. पण उलटही घडलं. कित्येकांचं आधीचं 'हो' दोन वर्षांनी 'नाही' झालं. निव्वळ फुशारकी असती तर असं कशाला झालं असतं?

जिवावर बेतलं की शरीरात नॉरअॅड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक उसळतं आणि मेंदूतला अमिग्डला हा भाग त्या क्षणाची भीती पक्की करतो. कुठे, कधी, कशानंतर काय, ही जुळणी मात्र मेंदूतल्याच हिप्पोकॅम्पस या दुसऱ्या भागाची. अतिताणात तीच ढेपाळते. म्हणून घरी परतल्यावर वर्षानुवर्षं, दार आपटलं तरी छाती धडधडते, पण त्या दिवशी आधी स्फोट झाला की आधी आरोळी ऐकू आली, ते नक्की सांगता येत नाही.

शिवाय आठवण काढणं हा प्रकारही निरुपद्रवी नाही. २००० साली करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेदू या मेंदू-संशोधकांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. पुढे तोच आवाज ऐकवून लगेच अमिग्डलात प्रथिनं तयार होणं रोखणारं औषध सोडलं, तेव्हा भीती ओसरली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं, तर भीती जशीच्या तशी. म्हणजे जागी झालेली आठवण काही काळ कच्ची असते आणि पुन्हा साठवावी लागते. माणसांत हे इतकं सरळ दिसत नाही, उंदरांवरून थेट सैनिकांवर उडी मारू नये. तरी एखादा किस्सा शंभरदा सांगितला की त्यात नंतर वाचलेलं, सोबत्यांकडून ऐकलेलं मिसळत जातं, याचा अनुभव कुणाला नाही?

सांगण्याचा उपयोग आघातोत्तर तणावाच्या उपचारातही होतो, पण वेगळ्या रीतीने. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात, मोठ्याने, पुन्हा पुन्हा सांगतो आणि त्याचं ध्वनिमुद्रण घरी ऐकतो. आठवण पुसली जात नाही. ती आठवली म्हणून आता काही घडत नाही, हे मेंदू नव्याने शिकतो. प्रसंगातला जो तुकडा रुग्णाला सर्वांत असह्य वाटतो, तेवढाच मानसोपचारतज्ज्ञ पुढच्या बैठकांत पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.