जुना प्रोसेसर का तापतो: हीटसिंकची पार्श्वभूमी

इंटेलचे ८०२८६ आणि ८०३८६ हे प्रोसेसर मदरबोर्डवर उघडेच बसत. १९९२च्या ४८६ डीएक्स२-६६ला हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा, लागू लागला. १९९३च्या पेंटियमची उष्णता १५ वॅटच्या आसपास गेली आणि फॅन नेहमीचा झाला. पुढे वेगाच्या शर्यतीत हा आकडा भराभर चढला. २००४च्या पेंटियम ४ 'प्रेस्कॉट'च्या वरच्या मॉडेलांसाठी तो ११५ वॅट होता. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, पण व्होल्टेज त्या प्रमाणात उतरेना आणि गळणारा करंट वाढला. २००६च्या कोअर २ ड्युओने उष्णतेचा आकडा ६५ वॅटवर आणला.

२००१च्या सुमारास हीटसिंक निखळला तर इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीचा ॲथलॉन 'थंडरबर्ड' काही सेकंदांत जळत असे. पेंटियम ४ मात्र तापला की स्वतःच गती उतरवी. पुढे ही सोय सगळीकडे आली आणि तिच्यामुळेच आज बिघाड लपतो: मशीन बंद पडत नाही, नुसतं रेंगाळतं. म्हणून मशीन मंद झालं की मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, नवी रॅम घ्यायला जाण्याआधी प्रोसेसरचं तापमान पाहाच.

मुंबईत गणित आधीच कठीण आहे. मे महिन्यात खोली ३४ अंश असेल, तर कॅबिनेटमधली हवा सहज ४० होते. हीटसिंक दर वॅटला ०.३५ अंश चढू देत असेल, तर ६५ वॅटला सुमारे २३. म्हणजे प्रोसेसरचं झाकण ६३ अंशांवर. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट सुकून, पात्यांत धूळ भरून तोच आकडा ०.६ झाला, तर ७९. इथल्या दमट हवेत धूळ चिकट होऊन फॅनखाली थर धरते आणि ब्लोअरने निघत नाही. फॅन काढून हीटसिंक साबणाच्या पाण्यात ब्रशने धुवावा, पूर्ण वाळवावा.

२००४च्या इंटेलच्या एलजीए ७७५ सॉकेटबरोबर (प्रोसेसर बसायची खाच) हीटसिंक बोर्डाला धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या चार पुश-पिना आल्या, आणि जुन्या इंटेल मशीनची खरी दुखरी जागा तीच. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या कडक होतात, एक कोपरा उचलला जातो आणि तापमान चढतं. बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना जोडीने दाबाव्यात, 'टक' आवाज ऐकावा आणि बोर्डाच्या मागून चारही टोकं फाकलीत का ते पाहावं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी हरभऱ्याच्या डाळीएवढी, मधोमध. दुसरा कूलर (हीटसिंक आणि फॅन) घेताना बोर्डावरच्या भोकांमधलं अंतर मोजावं: ७७५ला ७२ मिलिमीटर, नंतरच्या ११५६ आणि ११५५ सॉकेटना ७५. तीन मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, पण कूलर बसत नाही.

खाली पिना असलेले एएमडी प्रोसेसर वेगळी काळजी मागतात. सुकलेल्या पेस्टमुळे हीटसिंक ओढला की सॉकेटची पकड लावणारा लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट ऊबदार करावी, वीज काढावी, मग हीटसिंक हलके डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा.