मेडिक्लेम आहे, तरी खिशातून पैसे का गेले? मुंबईतील ‘कॅशलेस’वरील नाराजीची पार्श्वभूमी

विमा आहे, हप्ता वेळेवर भरला आहे, रुग्णालय यादीतले आहे, तरीही घरी जाताना पन्नास-साठ हजार रुपये भरावे लागले, ही तक्रार मुंबईत घरोघरी ऐकू येते. रुग्णाचा राग बहुतेक वेळा रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवर (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारा मध्यस्थ) बसलेल्या मुला-मुलींवर निघतो. त्यांच्या हातात मात्र फारसे काही नसते. उपचार एक जण करतो, पैसे दुसरा देतो आणि मंजुरीच्या फायली तिसरा हाताळतो. दर या तिघांच्या आपापसातल्या करारांत ठरतात आणि ते करार रुग्णाला कधी दाखवले जात नाहीत. ही रचना गेल्या सत्तर वर्षांत थोडी थोडी करून उभी राहिली. प्रत्येक टप्प्यावर आधीची एक तक्रार दूर झाली आणि नवी उभी राहिली.

मुंबईकरांना अशा व्यवस्थेची पहिली ओळख झाली ती गिरणगावात. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८चा. योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि काही वर्षांतच मुंबईत आली. कामगारांच्या तोंडी ती ‘ईएसआय’. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय, वरळी, मुलुंड, कांदिवली आणि अंधेरीची कामगार रुग्णालये हा तिचा पसारा. किरकोळ आजारासाठी पॅनेल डॉक्टर असे. त्याला यादीवरच्या माणशी ठरावीक रक्कम मिळे. माणूस आला काय, न आला काय, रक्कम तेवढीच. त्यामुळे यादी लांब आणि प्रत्येकाला वेळ कमी, हे ओघानेच आले. रांग मोठी, गोळ्या त्याच त्या आणि मोठ्या रुग्णालयात जायचे तर आधी चिठ्ठी हवी, या तक्रारी तेव्हापासूनच्या आहेत. एक गोष्ट मात्र चोख होती. उपचार आणि पैसे एकाच छताखाली असल्याने बिलाचा वाद नव्हता. खरा घाव बसला तो १९८२च्या गिरणी संपानंतर. नोकरी गेली तसा वर्गणीवर उभा असलेला दवाखान्याचा हक्कही गेला आणि घरेच्या घरे पालिकेच्या केईएम रुग्णालयाच्या ओपीडीत आली. आजही ईएसआय चालू आहे. पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये, वर्गणी मालकाची ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के. पण नोकरदार मध्यमवर्ग या मर्यादेच्या बाहेर गेला आणि त्याला दुसरा आसरा लागला.

तो आसरा १९८६ साली आला. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७३ पासून लागू झाले होते आणि बाजार चार सरकारी कंपन्यांच्या हाती होता. त्यांनी ‘मेडिक्लेम’ पॉलिसी काढली. हे नाव इतके रुजले की आज कुठल्याही कंपनीचा आरोग्य विमा आपण मेडिक्लेमच म्हणतो. तेव्हा पद्धत सरळ होती. आधी स्वतः पैसे भरा, घरी या, बिले, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड जोडून फाईल पाठवा, मग कंपनी परतफेड करील. त्रास होता तो उसनवारीचा आणि वाट पाहण्याचा. दागिने गहाण टाकून ऑपरेशन करायचे आणि चेकसाठी कार्यालयात खेटे घालायचे. पण रुग्णालयासमोर रुग्ण स्वतः पैसे देणारा होता. बिलावर तो प्रश्न विचारू शकत होता, घासाघीसही करत होता.

१९९९च्या कायद्याने विमा नियामक आयआरडीए स्थापन झाले, खासगी कंपन्या आल्या आणि २००१च्या नियमांनी टीपीए नावाचा मध्यस्थ अधिकृत झाला. उसनवारीची तक्रार मिटवायची म्हणून कॅशलेस आले, म्हणजे बिल थेट कंपनी भरू लागली, आणि ते खरोखर मोठे काम होते. अपघात होऊन मध्यरात्री रुग्णालयात पोहोचलेल्या कुटुंबाला त्याची किंमत विचारा. मात्र याच क्षणी रुग्ण व्यवहारातून बाजूला सरला. बिल रुग्णालय टीपीएला पाठवते, टीपीए शंका रुग्णालयाला विचारतो आणि रुग्णाला फक्त निकाल कळतो.

अमेरिकेत याच सुमारास अशाच व्यवस्थेविरुद्धचा असंतोष शिगेला पोहोचून गेला होता. तिथे १९७३च्या कायद्याने एचएमओ या प्रकाराला चालना मिळाली. ठरावीक हप्ता, ठरावीक डॉक्टर आणि उपचाराआधी परवानगी. बाळंतिणीला एका दिवसात घरी पाठवण्यावरून तिथे एवढा गदारोळ झाला की १९९६ साली कायदाच करावा लागला. नैसर्गिक प्रसूतीनंतर ४८ तास आणि सिझेरियननंतर ९६ तास यांपेक्षा कमी मुक्कामाची सक्ती विमा कंपनीला करता येणार नाही, असे त्यात आहे. तिथला राग उपचार नाकारले जातात याचा होता. मुंबईत उपचार सहसा अडत नाहीत. ते होऊन जातात आणि पैशाचा निकाल नंतर लागतो. म्हणून इथला रुग्ण बेसावध सापडतो.

पुढचा मोठा तडाखा १ जुलै २०१०चा. तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मोठ्या कारखान्यांचा आगीचा विमा मिळवण्यासाठी कंपन्या त्यांच्या कर्मचाऱ्यांचा गट आरोग्य विमा तोट्यातही देत. आगीच्या विम्याचे दर बांधलेले होते, त्यातल्या नफ्यातून हा तोटा भरून निघे. जानेवारी २००७ मध्ये ते दर खुले झाले, नफा आटला आणि आरोग्य विम्याचा तोटा उघडा पडला. विमा असलेल्या रुग्णाला रुग्णालये चढे बिल लावतात, हे कंपन्यांचे म्हणणे होते. चारही सरकारी कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बंगळूर इथली अनेक रुग्णालये कॅशलेसच्या यादीतून काढली आणि नेहमीच्या शस्त्रक्रियांना बांधीव पॅकेज दर मान्य करतील त्यांचेच ‘पीपीएन’ जाळे केले. शहरातली मोठी नावे एका रात्रीत यादीबाहेर गेली. तारीख ठरलेल्या शस्त्रक्रियांसाठी लोकांना धावपळ करून अनामत उभी करावी लागली. प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेपर्यंत गेला. हळूहळू बरीच रुग्णालये परत आली, पण विमाधारकाच्या मनातला विश्वास परत आला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. १ ऑक्टोबर २०११ पासून कंपनी बदलण्याची, म्हणजे पोर्टेबिलिटीची सोय झाली. जुन्या पॉलिसीत काढलेला प्रतीक्षा काळ, म्हणजे ठरावीक आजारांचा दावा मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, नव्या कंपनीत धरला जाऊ लागला.

त्याच काळातली आणखी एक अट लोकांना आजही सर्वाधिक महागात पडते. ती म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा. पॉलिसीत एक ओळ असते: साध्या खोलीचे भाडे दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, आयसीयूचे २ टक्के. वाचणाऱ्याला वाटते, महागडी खोली घेतली तर वरचे भाडे आपण भरू. तसे होत नाही. मुंबईतल्या खासगी रुग्णालयांत सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, थिएटर, नर्सिंग, डॉक्टरची भेट या सगळ्यांचे दर खोलीच्या दर्जाप्रमाणे चढतात. म्हणून कंपनीही कपात त्याच प्रमाणात करते.

हिशेबच पाहा. विमा रक्कम ३ लाख, म्हणजे मर्यादा दिवसाला ३,००० रुपये. घेतलेली खोली ५,०००ची, मुक्काम चार दिवस. बिल असे: खोली २०,०००, सर्जन, थिएटर, नर्सिंग वगैरे १,१०,०००, औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या ६०,०००. एकूण १,९०,०००. तीन भागिले पाच, म्हणजे ६० टक्के. खोलीचे १२,००० मिळतात, सर्जन-थिएटरचे ६६,००० आणि औषधे-तपासण्यांचे पूर्ण ६०,०००. मंजूर १,३८,०००, खिशातून ५२,०००. घरच्यांनी धरलेला फरक होता फक्त ८,०००चा. काही जुन्या पॉलिसींत तर कात्री सगळ्याच बिलाला लागे. मग ७६,००० रुपये अंगावर. औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचा खर्च या प्रमाणशीर कपातीतून वगळायचा, हे नियामकाने २०२०मध्ये स्पष्ट केले. ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे ही कपात करता येत नाही, हेही त्यातच आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असते. दाखल होतानाच डेस्कवर विचारावे, ‘या पॉलिसीत खोलीची मर्यादा किती आणि तेवढ्यात बसणारी खोली आज रिकामी आहे का?’ खोली नसल्यामुळे वरची दिली जात असेल तर तसे लेखी घ्यावे.

याच्या जोडीला ‘नॉन-मेडिकल’ कपात असते. डायपर, क्रेप बँडेज, गरम-थंड पॅक, कॅरीबॅग, रक्तदात्याच्या नमुन्याची गटतपासणी अशा ६८ वस्तूंची यादी आहे. पॉलिसीत वेगळे संरक्षण घेतले नसेल तर हे पैसे मिळत नाहीत. एकेक वस्तू किरकोळ, पण आयसीयूतला मुक्काम लांबला की बेरीज हजारांत जाते.

पावसाळ्यात वेगळ्याच कारणाने दावे अडकतात. डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचा हंगाम आला की दोन-तीन दिवसांसाठी दाखल होणाऱ्यांची गर्दी होते आणि ‘हे उपचार ओपीडीत झाले असते’ असा शेरा येतो. इथे निकाल कागदावर लागतो. प्लेटलेटचे रोजचे आकडे, तापाचा तक्ता, सलाइन आणि शिरेतून दिलेल्या औषधांच्या वेळा, दाखल का केले याची डॉक्टरची एक ओळ. हे केस पेपरवर असेल तर दावा टिकतो. नुसते रक्त तपासून तोंडी गोळ्या दिल्याचे दिसत असेल तर टिकत नाही, मग ताप १०४ असला तरी.

आणि कॅज्युअल्टीतला तो पहिला कागद. ड्यूटीवरचा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, विचारतो, बीपी-शुगर किती वर्षे आहे? घाबरलेला मुलगा सांगून टाकतो, ‘असेल दहा-एक वर्षे.’ आरएमओ लिहितो ‘१० वर्षांपासून मधुमेह’. पॉलिसी सहा वर्षांपूर्वीची. झाली सुरुवात: आधीचा आजार लपवला. पहिल्या तपासणीचे कागद आणा, पहिले प्रिस्क्रिप्शन आणा, डॉक्टरचे प्रमाणपत्र आणा. खोटे कधीच सांगू नये, पण अंदाजही सांगू नये. नक्की माहीत नसेल तर तसेच लिहायला सांगावे. २०२४च्या नियमांनी इथे बराच दिलासा दिला आहे. आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आला. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा.

कोविडमध्ये राज्य सरकारने रुग्णालयांच्या दरात पहिल्यांदा उघड हात घातला. मे २०२०च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांना दर बांधून दिले: साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. तोवर कंपन्या आणि रुग्णालये यांच्यातच राहिलेला ‘योग्य दर कोणता’ हा प्रश्न त्यामुळे सर्वांसमोर आला. साथ ओसरली तशी ती दरबांधणी संपली. त्याआधी २ जुलै २०१२ला मुंबईसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेतही, म्हणजे आताच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, पॅकेज दर होतेच. तिथली तक्रार उलटी आहे. दर परवडत नाही म्हणून मोठी खासगी रुग्णालये योजनेत येतच नाहीत.

आजची सर्वात तीव्र नाराजी डिस्चार्जच्या दिवसाची. २९ मे २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने भागधारकांच्या पैशातून भरायची. मग लोक सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत का बसतात? कारण घड्याळ सुरू होते ते रुग्णालयाची डिस्चार्जची विनंती कंपनीला मिळाल्यावर, डॉक्टरने राउंडला ‘आज घरी जा’ म्हटल्यावर नाही. मधल्या वेळात उरलेली औषधे फार्मसीत परत जातात, लॅबचे शेवटचे बिल चढते, डिस्चार्ज समरी टाईप होऊन सहीसाठी डॉक्टरची वाट पाहते. फाईल दोनला जाते, साडेतीनला क्वेरी येते, ओटी नोट (शस्त्रक्रियेची नोंद) नाही किंवा इम्प्लांटचा स्टिकर नाही. उत्तर द्यायचे असते रुग्णालयाने, अडकून बसतो रुग्ण. आदल्या संध्याकाळीच समरीचा मसुदा आणि तोवरचे बिल मागून घेतले तर निम्मा वेळ वाचतो. फाईल किती वाजता पाठवली, हे डेस्ककडून मेसेजवर घ्यावे. उशीर कोणामुळे झाला ते त्यावरूनच सिद्ध होते.

यादीबाहेरच्या रुग्णालयांसाठी २५ जानेवारी २०२४ रोजी ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ जाहीर झाले. ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी किमान ४८ तास आधी कळवायचे, तातडीने दाखल व्हावे लागले तर दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत. रुग्णालय तयार असेल तरच ते घडते, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नये.

दावा पूर्ण वा अंशतः नाकारला तर पत्रात पॉलिसीचे नेमके कलम लिहिलेले असलेच पाहिजे, आणि कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या संमतीविना तो नाकारता येत नाही. टीपीएचा फोन किंवा डेस्कवरचा निरोप म्हणजे नकार नव्हे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जाता येते. मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला, एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अॅनेक्समध्ये आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, रुग्णावर नाही. सोबत पॉलिसीची पूर्ण प्रत, नकारपत्र, केस पेपर, अंतिम बिल आणि कपातीचा तक्ता जोडावा. केस पेपरची प्रत रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून मिळते, तो अर्ज घरी पोहोचल्याच्या आठवड्यातच द्यावा.