‘ओ’ आणि ‘बॉम्बे’: टाइलवर सारखेच दिसणारे दोन रक्तगट

पांढऱ्या टाइलवर रक्ताचे दोन थेंब. एकात निळं अँटी-ए हे तपासणीचं द्रावण घालायचं, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी. काडीने ढवळायचं, टाइल हलकेच झुलवायची आणि बघायचं. कुठेच दाणे पडले नाहीत, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या नाहीत, की नवशिक्याचा हात रजिस्टरकडे जातो आणि ‘ओ’ लिहून मोकळा होतो. मी शिकत होतो तेव्हा आमच्या मॅडम अशा वेळी रजिस्टरच उचलून घ्यायच्या. “पेशी बघितल्यास. सीरम कोण बघणार?”

सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव. त्या एका प्रश्नात ‘ओ’ आणि ‘बॉम्बे’ या दोन गटांमधला सगळा फरक आहे.

तांबड्या पेशीच्या अंगावर खुंट्या असतात असं समजा. या खुंटीचं नाव ‘एच’. ‘ए’ गटाचा माणूस त्या खुंटीवर एक साखर अडकवतो, ‘बी’ गटाचा दुसरी. ‘एबी’ गटात दोन्ही असतात. ‘ओ’ गटाच्या माणसाकडे अडकवायला काही नसतं, म्हणून त्याच्या खुंट्या मोकळ्या राहतात. पण त्या असतात, आणि इतर कुठल्याही गटापेक्षा जास्त असतात. बॉम्बे गटाच्या माणसाकडे मात्र खुंटीच नसते. ती बनवणारं जनुक, एफयूटी-१, आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही बाजूंनी निकामी आलेलं असतं. मग त्याच्याकडे ‘ए’चं किंवा ‘बी’चं जनुक शाबूत असलं तरी ती साखर अडकवायची कशावर?

टाइलवर दोन्ही रक्तं सारखी दिसतात ती यामुळे. अँटी-ए आणि अँटी-बी फक्त अडकवलेली साखर शोधतात. ती दोघांकडेही नाही. खुंटी आहे की नाही, हे त्या दोन बाटल्या विचारतच नाहीत.

१९५२ साली मुंबईतले पॅथॉलॉजीचे प्राध्यापक डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या रक्ताची नोंद केली, आणि शहराचं नाव रक्तगटाला कायमचं लागलं. लंडनच्या रेस आणि सँगर यांच्यासारखे रक्तगटांचे जाणकार त्या निबंधाचे सहलेखक होते. शहराचं नाव बदलून मुंबई झालं, रक्तगटाचं मात्र बदललं नाही. मला या शोधाचं फार अप्रूप वाटतं. रक्तपेढीच्या रोजच्या कामात एक रक्त कुणाशीच जुळेना, तेव्हा ‘चाचणीत काहीतरी चुकलं असेल’ म्हणून त्या लोकांनी ते बाजूला सारलं नाही. वैद्यकीय महाविद्यालयातलं संशोधन म्हटलं की मोठी यंत्रं डोळ्यांपुढे येतात. इथे सुरुवात न जुळणाऱ्या रक्तापासून झाली होती. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षारुधिरविज्ञान संस्था आजही दुर्मीळ रक्तगटांवर काम करते.

आता सीरमकडे. ‘ओ’ माणसाच्या सीरममध्ये ‘ए’ आणि ‘बी’विरुद्ध प्रतिपिंडं असतात. बॉम्बे माणसाकडे ही दोन असतातच, शिवाय ‘एच’विरुद्धही असतात, आणि ती शरीराच्या तापमानालाही जोरदार काम करतात. म्हणून सीरम ‘ओ’ पेशींबरोबर मिसळून पाहायचं. माणूस खराच ‘ओ’ असेल तर काहीच होत नाही. बॉम्बे असेल तर नळीत पेशींचा घट्ट गोळा बसतो. पक्की खात्री करायला अँटी-एच लेक्टिन, म्हणजे ‘एच’ला चिकटणारं वनस्पतीतलं प्रथिन, वापरतात. ते युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांमधून काढतात. त्याने ‘ओ’ पेशींचे दाणे पडतात, बॉम्बे पेशींचे पडत नाहीत.

सगळ्यात घातक गैरसमज इथे आहे. ‘ओ निगेटिव्ह कुणालाही चालतं’ हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं, की बॉम्बेच्या रुग्णासाठी नातेवाईक तीच बाटली मागतात. निगेटिव्ह-पॉझिटिव्ह हा आरएच या दुसऱ्या रक्तगट-पद्धतीचा मामला, तो वेगळा. बॉम्बे गटातही पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह असतात. ‘एच’ची खुंटी सर्वांत जास्त ‘ओ’ पेशींवरच असते, त्यामुळे बॉम्बे रुग्णाला ‘ओ’ रक्त देणं म्हणजे त्याच्या प्रतिपिंडांपुढे ताट वाढणं. पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात. थंडी वाजून ताप येतो, कंबर दुखते, लघवी लाल-काळी होते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. उलट दिशेने तशी अडचण नाही: बॉम्बेच्या तांबड्या पेशी, आरएच जुळवून, इतर गटांना देता येतात. घ्यायची वेळ आली की मात्र बॉम्बेला बॉम्बेच लागतं.

असा माणूस भारतात साधारण १०,००० जणांत एक सापडतो, युरोपात १० लाखांत एखादा. शिबिरात केवळ टाइलवर बघून दिलेल्या कार्डावर ‘ओ’ असेल तर ती नोंद कच्ची समजा. रक्त चढवायची वेळ येते तेव्हा क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे रुग्णाचं सीरम दात्याच्या पेशींशी जुळतं का हे पाहण्याच्या चाचणीत, हे उघड होतं, कारण एकही ‘ओ’ पिशवी जुळत नाही. पण ऑपरेशन थिएटरबाहेर लोक ताटकळत असताना हे कळणं म्हणजे फार उशिरा कळणं.

घरातल्या गोष्टीही यात गुंततात. आईवडिलांपैकी एकाचा गट ‘एबी’ आणि मुलाचा ‘ओ’ आला, तर कुजबुज सुरू होते, कारण एरवी ‘एबी’च्या मुलाचा गट ‘ओ’ येत नाही. ती सुरू होण्याआधी मुलाचं अँटी-एच करून घ्या. ‘एबी’ बापाला बॉम्बे मूल होऊ शकतं. दोघेही वरवर ठणठणीत, पण प्रत्येकाकडे एकेक निकामी ‘एच’ जनुक असेल, तर दर बाळंतपणात चारांत एक शक्यता असते. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. अशा नात्यात तेच निकामी जनुक दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो.

म्हणूनच एखाद्याचा गट बॉम्बे निघाला की रक्तपेढीतून पहिला निरोप सख्ख्या भावंडांना जातो. दाता मिळायची सगळ्यात जास्त आशा तिथेच असते. तांबड्या पेशींची पिशवी फ्रीजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकते, तेव्हा ठरलेलं ऑपरेशन असेल तर रुग्णाचंच रक्त आधी काढून ठेवता येतं. नुसत्या कार्डावर विसंबलेल्या भावंडांनाही रक्तपेढीत बोलावून त्यांचं सीरम ‘ओ’ पेशींबरोबर लावून बघायचं असतं.