देवापुढे बसल्यावर हृदयात काय होतं

हृदयाला एकटं सोडलं, म्हणजे मेंदूकडून येणाऱ्या नसांचा त्याच्याशी संबंधच तोडला, तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. आपण आरामात बसलेलो असताना मात्र ठोके सत्तरच्या आसपास असतात. म्हणजे मधले तीसेक ठोके कोणीतरी दिवसरात्र आवरून धरतंय, आपण झोपलेलो असताना सुद्धा. हे काम करते व्हेगस नावाची नस, मेंदूच्या बुडापासून निघून मानेतून छाती-पोटापर्यंत जाणारी. मला ही शरीरातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आता हे लिहायचं कारण. सिंहस्थाची चर्चा सुरू झाली की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरायला लागतात, रामकुंडावर अमुक फ्रिक्वेन्सी आहे, मंत्राच्या लहरींनी पेशी रिपेअर होतात, आणि शेवटी नासाने सिद्ध केलंय हे असतंच. याला कसलाही आधार नाही, फॉरवर्ड करू नका. पण याच्या उलट बोलणारेही तितकेच चुकतात, की देवळात शांत वाटणं हे सगळं मनाचे खेळ, त्यात काही नाही. काळारामाच्या सभामंडपात बघा, नाशिकरोडला बाळ येशूच्या चर्चमध्ये बघा, त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी बघा. कोणाची द्राक्षबाग गारपिटीत गेलेली असते, कोणाचं माणूस आयसीयूत असतं, कोणाला सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरायचा असतो, आणि तरी ही माणसं अर्धा तास बसून नामस्मरण करतात आणि उठतात तेव्हा चेहरा सैल झालेला असतो. बाग परत आलेली नसते. मग बदललं काय?

२००१ साली इटलीतल्या पाविया इथले डॉक्टर लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजलं. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली माळेवरची मरियेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ओम मणि पद्मे हुम' हा बौद्ध मंत्र. दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, म्हणजे दहा सेकंदाला एक. कोणी त्यांना श्वास हळू घ्या असं सांगितलं नव्हतं, ओळीची लांबीच तशी. धर्म दोन, भाषा दोन, आणि आकडा एकच!

दहा सेकंदच का, इथे खरी मजा आहे, जरा नीट वाचा. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत अगदी बारीक संवेदक असतात. रक्तदाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते, संवेदक मेंदूच्या बुडाला कळवतात, तिथून व्हेगसला हुकूम जातो, व्हेगस हृदयावर ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडते आणि ठोके मंदावतात, दाब उतरतो. दाब उतरला की उलटं. आता व्हेगसचं काम सेकंदाच्या आत होतं, पण रक्तवाहिन्या आवळणाऱ्या दुसऱ्या नसा, सिंपथेटिक म्हणतात त्यांना, त्या काही सेकंद उशीर करतात, आणि या उशिरामुळे रक्तदाब एका जागी न थांबता साधारण दहा सेकंदांच्या लाटेत वरखाली होत राहतो. या लाटांना मायर लहरी म्हणतात, १८७६ पासून माहीत आहेत. शिवाय श्वास घेताना व्हेगस थोडी सैल सोडते म्हणून ठोके वाढतात आणि श्वास सोडताना कमी होतात, ही दुसरी लाट. एरवी आपण मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेतो त्यामुळे या दोन लाटांचा मेळ बसत नाही. श्वास दहा सेकंदांवर आला की झोक्याला बरोबर वेळेवर धक्का मिळावा तसं होतं, दोन्ही लाटा एकत्र येऊन मोठ्या होतात आणि दाब सांभाळणारी ती सगळी यंत्रणा जास्त तत्पर होते. बेर्नार्दींच्या मोजमापात ही तत्परता वाढलेली दिसली. हार्ट अटॅकनंतर ज्यांची ही तत्परता कमी असते त्यांच्या जिवाला धोका जास्त असतो, म्हणून डॉक्टरांना तिची किंमत.

हे झालं श्वासाचं. पण संकटात माणसाला पोखरतं ते मनातलं बोलणं, हप्ता कसा भरू, रिपोर्ट काय येईल, आणि प्रत्येक वेळी मेंदू समोर धोका असल्यासारखा कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडायला लावतो. मनातल्या मनात एका वेळी दोन वाक्यं बोलता येत नाहीत. तोंडात नाम असेल तेवढा वेळ काळजीच्या वाक्याला जागाच उरत नाही. आणि ज्याच्यासमोर आपण बसलोय तो आपलं ऐकतोय असा ज्याचा मनापासून विश्वास आहे त्याला ती काळजी खाली ठेवणं सोपं जातं, असं मला वाटतं. मी स्वतः देव मानतो. पण देव आहे की नाही हे या प्रयोगातून ठरत नाही, त्याच्यापुढे बसलेल्या माणसाचं शरीर काय करतं एवढंच मोजलं गेलं.

आणि दुसऱ्याने आपल्यासाठी लांबून प्रार्थना केली तर? तेही तपासलंय. २००६ मध्ये अमेरिकेत बायपास झालेल्या १८०२ रुग्णांवरचा अभ्यास आला, इतरांच्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. तेव्हा कोणी पैसे घेऊन तुमच्या पेशंटसाठी अनुष्ठान करतो म्हणाला तर ते पैसे औषधाला ठेवा, आणि बीपीची गोळी नामस्मरणाच्या भरवशावर बंद करू नका.

करून बघायचं असेल तर बसल्या बसल्या मनगटावर दोन बोटं ठेवा आणि हळू श्वास घ्या, सोडा. घेताना ठोके जरा भरभर, सोडताना संथ, हे तरुण माणसाला सहज कळतं. वयाबरोबर हा फरक कमी होत जातो, साठीनंतर कळलाच नाही तर घाबरू नका. श्वासाशी काही संबंध नसताना ठोके चुकत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा.