सागाच्या पानगळीत अडकलेला हिशेब

एप्रिल संपता संपता नागपूरहून जबलपूर रोडने निघालं आणि मनसर मागे पडलं, की पेंचच्या बाजूचा साग उघडाबोडका दिसायला लागतो. खाली पानांचा खच, पाय ठेवला की पापडासारखा मोडणारा. त्याच आठवड्यात उपग्रहाने टिपलेल्या चित्रात हे जंगल जवळपास मेल्यासारखं दिसतं. खोडात साठलेला कार्बन मात्र जागचा हललेला नसतो. जंगलं किती कार्बन शोषतात हे वरून मोजण्याचा पन्नास वर्षांचा खटाटोप याच अडचणीभोवती फिरत आलाय. उपग्रहाला रंग दिसतो. त्यातून कार्बन आपल्याला काढावा लागतो.

सुरुवात १९७२ ची. त्या जुलैत जमिनीची चित्रं टिपणारा अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह वर गेला. त्याच वर्षी जॉन माँटीथ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने वनस्पतींची वाढ त्यांनी शोषलेल्या सूर्यप्रकाशाशी जोडून दाखवली. दोन्हींचा सांधा जुळला तो पानाच्या एका खोडीमुळे. हिरवं पान लाल प्रकाश गिळतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवतं. दोहोंची वजाबाकी भागिले बेरीज, की झाला एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक. पान किती प्रकाश खातंय याचा अंदाज त्यावरून लागतो, आणि पुढे माँटीथचा गुणाकार: शोषलेला प्रकाश गुणिले त्यातून होणाऱ्या वाढीचं प्रमाण.

१९८६ मध्ये कॉम्प्टन टकर आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाने पाहिलेली हिरवाई आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे ऋतुमानानुसार होणारे चढउतार शेजारी ठेवले. हिरवाई चढते तेव्हा हवेतला वायू उतरतो. २००० नंतर उपग्रहावरच्या मोडिस या उपकरणाच्या नोंदींवरून झाडं किती कार्बन घेतात याचे दर आठ दिवसांचे जागतिक आकडे निघू लागले.

नागपूर या गोष्टीत येतं ते अमरावती रोडवर. इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आणि मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था, दोन्ही याच रस्त्यावर. एकाची नजर आकाशातून, दुसरीचे हात चिखलात. सुरुवातीच्या काळातली साधनं आठवली की गंमत वाटते. भारतीय वन सर्वेक्षणाचा १९८७ चा पहिला अहवाल लँडसॅटची चित्रं नुसत्या डोळ्यांनी वाचून तयार झाला. नकाशाचं प्रमाण दहा लाखास एक, आणि ४०० हेक्टरपेक्षा लहान जंगल धरायचंच नाही. कागदावर हा दोन मिलिमीटरचा चौकोन. नागपुरातली अख्खी सेमिनरी हिल्स टेकडी त्यात हरवून जाईल. नेहमीच्या कृत्रिम रंगांच्या चित्रात झाडी लाल दिसते, त्यामुळे नवख्याला घनदाट जंगल म्हणजे आग लागल्यासारखं वाटतं. (सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं तरी हात लाल होतो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण विदर्भातल्या पोरांना आठवेल.)

१९८८ च्या मार्चमध्ये आयआरएस-१ए हा भारताचा स्वतःचा उपग्रह सुटला आणि चित्रं घरची झाली. आज मर्यादा एक हेक्टरवर आली आहे, पण व्याख्या बघा: एक हेक्टर किंवा जास्त जागा आणि दहा टक्के किंवा जास्त छत्र (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जमीन), की झालं वनाच्छादन. जमीन कुणाचीही असो, झाड कुठलंही असो. म्हणजे काटोल-नरखेडची संत्र्याची बागही त्यात बसते. नकाशासाठी हे चालेल. कार्बनच्या हिशेबात मला ते खटकतं. तसंच उपग्रहांच्या नोंदींवरून हिरवाईची वाढ मोजणाऱ्या २०१९ च्या एका गाजलेल्या अभ्यासाचं. भारत हिरवा होतोय म्हणून सगळे खूश झाले. त्या वाढीतला ८२ टक्के वाटा शेतीचा होता, जंगलाचा ४.४ टक्के. गहू-हरभऱ्याने शोषलेला कार्बन आपण खातो, आणि तो बहुतेक वर्षभरात पुन्हा हवेत जातो.

खरी मेख जमाखर्चात आहे. जगभरची झाडंझुडपं वर्षाला सुमारे १२० अब्ज टन कार्बन आत घेतात. श्वसन, कुजणं, वणवे यांत जवळपास सगळा परत जातो. हाती उरतात तीनेक अब्ज टन. उपग्रहाला जमेची बाजू बरी दिसते, खर्चाची नाही. भारतातल्या वनकार्बनचा तर अर्ध्याहून जास्त साठा मातीत आहे, तिथे वरची नजर पोचतच नाही. म्हणून मनोरे उभारावे लागले. आपल्या शेजारच्या, मध्य प्रदेशातल्या बैतूलच्या सागवनात असा एक आहे. झाडांच्या शेंड्यांवरची हवा किती कार्बन डायऑक्साइड घेऊन वर जाते, किती खाली आणते, हे तो सेकंदात अनेकदा टिपतो.

पुढे हवेतला हा वायूच उपग्रहांनी वरून मोजायचे प्रयत्न झाले. २००९ मध्ये जपानचा गोसॅट पोचला, अमेरिकेचा ओसीओ समुद्रात पडला, त्याचा जुळा २०१४ मध्ये गेला. पण आपला प्रश्न वेगळा होता. मध्य भारतातलं जंगल पोटभर खातं ते पावसाळ्यात, आणि तेव्हाच ढग. वनाच्छादनासाठी म्हणूनच ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं घेतात: ढग गेलेले, पानं अजून टिकलेली. पावसाळ्यातला हा पडदा रडारने भेदता येतो. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहाच्या सुमारे २४ सेंटिमीटरच्या लहरी ढगांतून आणि पानांतून आत शिरून फांद्या-खोडांवरून परततात.

त्या परतलेल्या लहरीचं कार्बनच्या टनांत रूपांतर करायला जमिनीवरचा आकडा लागतोच. तो अजूनही टेपनेच घेतात. जमिनीपासून १.३७ मीटरवर, छातीच्या उंचीला, खोडाभोवती टेप फिरवायचा आणि घेर लिहून घ्यायचा. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूने उंची धरायची.